रेघेवर पडलेलं पाऊल

कबड्डीचं मैदान आखायला दोन माणसं, चार खुंट्या, एक सुतळी, एक मोजपट्टी आणि पाटीभर फक्की पुरते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत, भीमेच्या दोन्ही अंगांना, शाळांच्या पटांगणांवर आणि गावोगावच्या यात्रांमध्ये अशी मैदानं दरवर्षी आखली जातात. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. चारही बाजू मोजून बरोबर भरल्या की काम झालं असं वाटतं. पण बाजू बरोबर असूनही मैदान तिरकं बसू शकतं. मग एका टोकाचा कोपरा चिंचोळा होतो, दुसरा उघडा पडतो आणि कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या बचावपटूचा अंदाज चुकतो. म्हणून जाणता क्रीडाशिक्षक फक्की टाकण्याआधी सुतळी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणतो. दोन्ही कर्ण 16.40 मीटर भरले तरच मैदान काटकोनात आहे. महिलांचं मैदान 12 बाय 8 मीटरचं. तिथे कर्ण 14.42 मीटर यायला हवा.

मग रेघा येतात. नियमाप्रमाणे रेघ 3 ते 5 सेंटिमीटर रुंद असावी आणि ती मैदानाचाच भाग धरली जाते. म्हणजे बाजूच्या रेघेवर पाय पडला तर खेळाडू आतच आहे. रेघेपलीकडच्या मातीला लागला तर बाद. फक्की सढळ हातानं टाकली आणि रेघ वीतभर रुंद झाली, तर मैदान तितकंच वाढलं. दुसऱ्या डावापर्यंत पायांनी रेघ पुसली गेली, तर बाद कोण आणि आत कोण हे पंचाच्या नजरेवर आणि प्रेक्षकांच्या आवाजावर ठरायला लागतं. कबड्डीत कित्येक निकाल एका गुणानं लागतात, आणि तो गुण बऱ्याचदा अशाच दोन-तीन बोटं रुंदीच्या पट्टीवर पडलेला असतो.

हे प्रकरण अशा बारकाव्यांबद्दल आहे. नियमाचं बोट धरून बसणाऱ्याला आपल्याकडे किरकिऱ्या म्हणतात. “खेळ खेळा की, कशाला वाद घालता?” हे वाक्य प्रत्येक मैदानावर ऐकू येतं. पण बारीक नियम खेळाच्या आड येत नाहीत. खेळातली कौशल्यं त्यांच्यातूनच जन्माला येतात, आणि दुबळ्या संघाला बलदंड संघासमोर उभं राहायला तेवढाच आधार असतो. हे पटायला आपल्या मातीतल्या खेळाचा जगातला एक मोठा सामना पाहू.

हांगझोऊमध्ये थांबलेला सामना

7 ऑक्टोबर 2023. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. पाच वर्षांपूर्वी, 2018 साली जकार्तामध्ये, याच इराणनं भारताला उपांत्य फेरीत 27-18 असं हरवलं होतं. 1990 च्या बीजिंग स्पर्धेपासून सुवर्णपदक कधीही न गमावलेल्या भारतीय पुरुष संघाला तेव्हा कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. महिलांची अंतिम फेरीही इराणनंच 27-24 अशी जिंकली होती, आणि त्या इराणी मुलींना तयार केलं होतं नाशिकच्या प्रशिक्षक शैलजा जैन यांनी. त्यामुळे हांगझोऊचा सामना दोन्ही देशांसाठी मानाचा होता. भारताच्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. अस्लम शिरूरला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. पुढच्याच मार्च महिन्यात त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणनं प्रो कबड्डी लीगचं पहिलं विजेतेपद मिळवलं.

जेमतेम मिनिटभराचा खेळ उरला होता. धावफलकावर 28-28. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला. ही चढाई रिकामी जाऊन चालणार नव्हती. गुण मिळवायचा किंवा बाद व्हायचं. पवनचा पाय कोणाला स्पर्श होण्याआधीच बाजूच्या लॉबीत, म्हणजे कडेच्या राखीव पट्टीत, पडला. त्याला अडवायला इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग लॉबीत उतरले.

आता गुण कोणाचा? एका नियमाप्रमाणे स्पर्शाविना लॉबीत गेलेला चढाईपटू तिथेच बाद, चढाई तिथेच संपली, इराणला एक गुण. दुसऱ्या नियमाप्रमाणे स्पर्शाविना लॉबीत पाऊल टाकणारा प्रत्येक जण बाद. म्हणजे पवन बाद, आणि त्याच्यामागे लॉबीत उतरलेले इराणचे बचावपटूही बाद. पहिला नियम प्रो कबड्डी लीगमधून रुळलेला, दुसरा आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकातला जुना. दोन्ही संघांतले बरेच खेळाडू लीगमध्ये खेळलेले असल्यामुळे दोन्ही नियम त्यांच्या परिचयाचे होते. पंचांचा निर्णय एकदा एका बाजूला झुकला, मग दुसऱ्या. आधी एका संघानं हरकत घेतली, मग दुसऱ्यानं. खेळाडू मैदानातच बसले. सुमारे तासभर सामना थांबला. अखेर जुना नियम धरून निर्णय झाला, खेळ पुन्हा सुरू झाला आणि भारतानं 33-29 असा विजय मिळवला.

त्याच दिवशी भारतीय महिलांनीही सुवर्णपदक मिळवलं. चायनीज तैपेईवरचा त्यांचा विजय 26-25 असा, एका गुणाचा होता.

हांगझोऊच्या वादात दोन्ही संघ आपापल्या जागी बरोबर होते. दोघांनी खेळलेला खेळ एकच होता, पण त्यांच्या डोक्यातली नियमपुस्तकं वेगळी होती. हा फरक स्पर्धेच्या पहिल्या दिवशी एका वाक्यात मिटला असता. तो अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला उघडा पडला, आणि तेव्हा त्याला सुवर्णपदकाची किंमत आली.

लॉबी कशासाठी असते

मैदानाच्या 10 मीटर रुंदीतली दोन्ही बाजूंची एकेक मीटरची पट्टी म्हणजे लॉबी, राखीव क्षेत्र. मधली 8 मीटर रुंदीची जागा नेहमीच्या खेळाची. चढाईपटूचा आणि बचावपटूचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की त्या झटापटीतल्या खेळाडूंसाठी लॉबी मैदानाचा भाग होते. तोवर ती बंद असते.

असं का? लॉबी कायम उघडी ठेवली, तर चपळ चढाईपटू रुंद मैदानाच्या कडेकडेनं पळत राहील आणि त्याला घेरणं अवघड होईल. लॉबी कधीच उघडली नाही, तर कोपऱ्यातला बचावपटू चढाईपटूला नुसता ढकलून बाहेर काढेल. पकड करण्याचं, घोटा धरण्याचं, कंबर आवळण्याचं कसब लागणारच नाही. लॉबी स्पर्शानंतर उघडते, म्हणून आधी माणसाला गाठावं लागतं आणि मग त्याला रोखून धरावं लागतं. झटापटीत शरीराचा काही भाग मैदानाला टेकलेला असेल तर खेळाडू बाहेर गेला असं धरत नाहीत. त्यामुळे लॉबीच्या कडेवर आडवा पडलेला, एक हात आत टेकवून मध्यरेषेकडे सरकणारा चढाईपटू अजून जिवंत असतो. कबड्डीतले श्वास रोखायला लावणारे क्षण या एक मीटरच्या पट्टीतच घडतात. पट्टीचा नियम काढून टाकला, तर ते क्षणही जातील.

आता वादाच्या दोन्ही नियमांकडे पाहा. जुना नियम बचावपटूला सांगतो: चढाईपटू आपणहून लॉबीत गेला तर तू त्याच्यामागे धावू नकोस, तुझा हात आवर. नवा नियम सांगतो: चढाईपटूची चूक ही त्याची एकट्याची, तिचा भुर्दंड समोरच्यावर नको, आणि खेळ झटपट पुढे जाऊ दे. दोन्हींमागे विचार आहे. पण बचावपटूला सरावात कोणती सवय लावायची, हे त्यातला कोणता नियम लागू आहे यावर ठरतं. संयमाची सवय लावलेला संघ आणि झेप घेण्याची सवय लावलेला संघ एकाच क्षणी वेगळे वागतात. नियमाची एक ओळ अशी खेळाडूच्या स्नायूंपर्यंत उतरते.

एक पाय हवेत

बारकाव्यातून कौशल्य कसं घडतं हे बोनस रेषेवर फार स्वच्छ दिसतं.

मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा. म्हणजे मध्यरेषेपासून 4.75 मीटर. महिलांच्या मैदानात हीच अंतरं 3 आणि 4 मीटर. चढाईपटूनं निदानरेषा तरी ओलांडायची किंवा कोणाला तरी स्पर्श करायचा, नाहीतर परत आल्यावर तो बाद. बोनसची अट याहून कडक. समोर किमान सहा बचावपटू असले पाहिजेत. चढाईपटूचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे जमिनीला टेकला पाहिजे, आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत असला पाहिजे.

ही शेवटची अट नसती तर काय झालं असतं याचा विचार करा. उंच खेळाडूनं मागचा पाय रोवून, नुसता पुढचा पाय लांबवून रेषा शिवली असती. तोल गेला नसता, धोका नसता, आणि प्रत्येक चढाईला एक गुण फुकट मिळाला असता. मागचा पाय उचलावा लागतो म्हणून क्षणभर सगळं वजन समोरच्या एका पायावर येतं, आणि तेही सात जणांच्या घेऱ्यात. त्या क्षणी कोपऱ्यातल्या बचावपटूनं घोट्याला हात घातला, तर खेळ संपला. धोका आणि फायदा यांना एकाच पावलावर तोलणारी ही अट आहे. तिच्यामुळेच चढाईपटू शरीराच्या हुलकावण्या शिकतो आणि बचावपटू नेमका कधी वाकायचं हे शिकतो.

सहा बचावपटूंची अटही अशीच नेमकी. समोर पाचच असतील तर मैदान मोकळं होतं, रेषेपर्यंत जाणं सोपं होतं. मग त्यासाठी बक्षीस कशाला? शिवाय बोनसच्या गुणानं स्वतःचा बाद खेळाडू परत आत येत नाही. तो फक्त धावफलकावर चढतो. स्पर्शाचा गुण मात्र खेळाडू परत आणतो. त्यामुळे आपले चार जण बाहेर बसलेले असताना बोनसवर बोनस मिळवणारा चढाईपटू टाळ्या मिळवतो, पण मैदान रिकामंच राहतं. सगळा संघ बाद होऊन लोण चढला की समोरच्याला दोन जादा गुण मिळतात आणि आधीचे बोनस धुऊन निघतात. नियम नीट वाचलेला कर्णधार अशा वेळी चढाईपटूला ओरडून सांगतो, “बोनस नको, हात लाव.”

याच रेघांमध्ये आणखी एक मेख आहे. बाजूची रेघ मैदानाचा भाग असल्यामुळे तिच्यावरचा पाय आत धरला जातो. बोनस रेषा मात्र ओलांडावी लागते. तिच्यावर पडलेल्या पायाला गुण नाही. म्हणजे सारख्याच फक्कीनं आखलेल्या, सारख्याच रुंदीच्या दोन रेघा, पण एकीवरचं पाऊल खेळाडूला वाचवतं आणि दुसरीवरचं त्याच्या हाती काही लागू देत नाही. हे ज्याला ठाऊक नसतं तो पंचावर पक्षपाताचा आरोप करतो.

नियम कागदावर आले तेव्हा

हुतूतू म्हणून हा खेळ महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या खेळला जात होता, आणि गावागणिक त्याची तऱ्हा वेगळी होती. संजीवनी प्रकारात समोरचा बाद झाला की आपला बाद झालेला खेळाडू परत आत येई. गामिनीत बाद झालेला बाहेरच राही, सगळा संघ संपेपर्यंत. अमर प्रकारात बाद झालेलाही मैदान सोडत नसे. फक्त गुण मोजले जात. तिन्ही खेळ दिसायला सारखे, पण त्यांत जिंकण्याची युक्ती वेगळी. गामिनीत एक चांगला गडी लवकर गमावला की डाव हातचा गेला. संजीवनीत तोच गडी दोन मिनिटांत परत येऊ शकतो, म्हणून धाडसाला वाव. आजच्या कबड्डीनं संजीवनीचा धागा पकडला, आणि खेळ वेगवान झाला तो त्यामुळेच.

दोन गावांनी एकमेकांशी खेळायचं ठरवलं की कोणाचा नियम हा प्रश्न येणारच. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रातल्या आणि बडोद्यातल्या व्यायामप्रेमी मंडळींनी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून दिलं. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं कबड्डीची नियमावली छापली. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. खेळ गावाबाहेर पडला तो नियम लिहिले गेल्यामुळे. जे लिहिलं जातं तेच दुसऱ्या गावाला, दुसऱ्या प्रांताला, दुसऱ्या देशाला शिकवता येतं.

खो-खोतलाच एक बारकावा घ्या. पाठलाग करणारा एकदा उठून एका खांबाकडे निघाला की वाटेत मागे वळू शकत नाही. दोन खांबांमधली पाटीही त्याला ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळीक आहे. ही विषमता मुद्दाम ठेवलेली आहे. पाठलाग करणाऱ्यालाही वळू दिलं तर वेगवान गडी एकटाच सगळ्यांना बाद करेल आणि बसलेल्या आठ जणांना कामच उरणार नाही. त्याला वळता येत नाही म्हणून त्याला खो द्यावा लागतो, आणि खो द्यावा लागतो म्हणूनच हा संघाचा खेळ आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदं भारतानं पटकावली, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. 

पळत यायचं नाही

एक बारीक नियम अख्खा खेळ जन्माला घालू शकतो, याचं नामी उदाहरण फ्रान्समध्ये सापडतं. दक्षिण फ्रान्समध्ये गोळे फेकण्याचा एक जुना खेळ होता. छोट्या लाकडी गोळीच्या जास्तीत जास्त जवळ आपला गोळा टाकायचा, आणि लांब फेकीसाठी काही पावलं धावत यायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सेलजवळच्या ला सिओता गावात ज्यूल लनुआर नावाचा एक चांगला खेळाडू संधिवातानं जायबंदी झाला. त्याला धावता येईना. तेव्हा त्याच्या मित्रांनी नियमात एकच बदल केला: सगळ्यांनी एका जागी उभं राहून, पाय न हलवता फेकायचं आणि अंतर कमी ठेवायचं. त्यातून पेतांक हा खेळ तयार झाला आणि पुढे जगभर पसरला.

आज पेतांकमध्ये खेळाडू जमिनीवरच्या छोट्या वर्तुळात दोन्ही पाय ठेवून उभा राहतो. हातातला गोळा जमिनीला लागेपर्यंत पाय उचलायचा नाही, वर्तुळाबाहेर टाकायचा नाही. लाकडी गोळी 6 ते 10 मीटरवर असली पाहिजे. गोळ्याचं वजन 650 ते 800 ग्रॅमच्या दरम्यान. कोणाचा गोळा जवळ हे डोळ्यांनी ठरेना, तर फीत लावून मिलिमीटरपर्यंत मोजायचं. 13 गुण आधी करेल तो जिंकला. धावण्यावरची ही बंदी गेली की ताकद आणि वेग परत येतील, आणि सत्तरीचा आजोबा व विशीचा नातू एकाच मैदानात बरोबरीनं उभे राहण्याची सोय संपेल. पाय उचलू नये हा जो नियम क्षुल्लक वाटतो, त्यानं या खेळात म्हाताऱ्यांची, अपंगांची आणि लहानांची जागा राखून ठेवली आहे.

घाटातली कलमं

शिरूर तालुक्यात नियमांच्या बारकाव्यांचं महत्त्व पटवायला सगळ्यात मोठा पुरावा बैलगाडा शर्यतीचा आहे. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागात चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. तिथे गाडे एकेक करून सोडले जातात आणि निकाल घड्याळावर, सेकंदाच्या अंशावर लागतो. यात्रा म्हटली की गाडे आलेच, अशी या गावांची रीत.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर या शर्यतीही बंद पडल्या. 2017 मध्ये महाराष्ट्रानं प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली आणि तिच्याखाली शर्यतींचे नियम केले. पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे घाट रिकामेच राहिले. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले.

या निकालात शिरूरच्या बैलगाडा मालकांनी जपून ठेवावा असा एक मुद्दा आहे. घटनापीठानं नुसता कायदा पाहिला नाही. कायदा आणि त्याखालचे नियम एकत्र वाचले. या नियमांमुळे जनावराला होणारा त्रास बऱ्याच अंशी कमी होतो, म्हणून 2014 मध्ये ज्या स्वरूपात शर्यती न्यायालयासमोर होत्या ते स्वरूप आता राहिलेलं नाही, असा त्या युक्तिवादाचा गाभा. आणि म्हणूनच नियमांची काटेकोर अंमलबजावणी झाली पाहिजे, तिची जबाबदारी जिल्हाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांची, असंही पीठानं बजावलं. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, बैल धावण्यास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, 1000 मीटरहून लांब नसलेली धावपट्टी, आणि चाबूक, काठी, विजेचा धक्का देणारं साधन यांना सक्त मनाई. कागदावर ही चार ओळींची कलमं आहेत. पण शर्यत पुन्हा सुरू झाली ती त्यांच्या बळावर. घाटात कोणी बैलाला टोचलं किंवा दाखल्याशिवाय बैल जुंपला, तर त्याचा एक क्रमांक पुढे जात असेल, पण साऱ्या तालुक्याच्या शर्यतीचा पाया त्यानं खणलेला असतो. इथे नियम पाळण्यात बैलाचं हित आहे आणि गावाच्या हौसेचंही आयुष्य आहे.

सामन्याआधीची पाच मिनिटं

आता पुन्हा शाळेच्या पटांगणावर येऊ. शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात. तालुक्यात जिंकलेला संघ जिल्ह्याला, तिथून विभागाला, तिथून राज्याला जातो. शिरूर-दौंडची मुलं अंगानं काटक असतात, दमाला कमी पडत नाहीत. त्यांना वर गेल्यावर अडचण येते ती बहुतेक वेळा सवयींची. गावच्या मैदानावर बोनसला मागच्या पायाकडे कोणी पाहिलेलं नसतं. जिल्ह्याला पंच नेमका तोच पाय पाहतो. गावात “कबड्डी”चा उच्चार मध्यरेषा ओलांडल्यावर सुरू केला तरी चालून जातं. वरच्या स्पर्धेत तो रेषेआधी, स्पष्ट आणि अखंड हवा, नाहीतर चढाईपटूला परत पाठवतात आणि गुण समोरच्याला जातो. वर्षभर चुकीची सवय मुरवलेल्या मुलाला त्या एका सकाळी ती मोडता येत नाही. त्याची मेहनत खरी असते, म्हणूनच हे नुकसान जास्त लागतं.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. पहिली गोष्ट, सरावाचं मैदान मापात आखावं, कर्ण मोजून. मुलांच्या पायांना अंतर पाठ होतं, आणि चुकीचं अंतरही तितकंच पाठ होतं. दुसरी, सरावातल्या सामन्याला एका खेळाडूला पंच करावं आणि त्याला दरवेळी निर्णयाचं कारण मोठ्यानं सांगायला लावावं. जो मुलगा तीन-चार सामने पंच म्हणून उभा राहतो, त्याला लॉबी कधी उघडते आणि बोनस कधी मिळतो हे पुन्हा शिकवावं लागत नाही. तिसरी, सामना सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधारांनी मुख्य पंचांसमोर उभं राहून विचारून घ्यावं: नियम कोणते लागू आहेत, लॉबीत स्पर्शाविना गेल्यास कोण बाद, तिसरी रिकामी चढाई चालेल का, मोजक्या बचावपटूंनी केलेल्या पकडीचा, म्हणजे सुपर टॅकलचा, जादा गुण आहे का. पाच मिनिटांचं काम आहे. हांगझोऊत तासभर जे घडलं ते टाळण्याचा हाच मार्ग होता.

यात्रेतल्या सामन्यांनाही हेच लागू पडतं. गावानं आपल्या सोयीचा नियम ठेवायला हरकत नाही. मैदान लहान असेल, गडी पाचच असतील, तर नियम बदलावेच लागतात. फक्त ते आधी ठरावेत, दोन्ही संघांना सारखे सांगितले जावेत आणि शक्यतो फळ्यावर लिहून लावावेत. सामना रंगात आल्यावर ठरवलेला नियम नेहमी कोणाच्या तरी बाजूचा असतो. आणि बहुतेक वेळा तो यजमान गावाच्या, जास्त माणसं जमवणाऱ्याच्या, मोठ्या आवाजाच्या बाजूला झुकतो. लांबून एसटीनं आलेल्या, पाठीशी कोणी नसलेल्या संघाला तेव्हा काहीच धरायला उरत नाही. त्याच्यासाठी बोलणारं तिथे एकच असतं, आधी लिहून ठेवलेला नियम. म्हणून बारकाव्यांचा आग्रह धरणाऱ्या मुलाला किरकिऱ्या म्हणून गप्प बसवू नये. त्याच्या हातात नियमपुस्तक द्यावं आणि पुढच्या सामन्याला शिट्टीही द्यावी.